चिलर बंद, दिवे चालू : पुण्यातल्या एका टाकीतल्या समुद्रफुलांचं प्रकरण

पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. आरओच्या पाण्यात मरीन मीठ कालवून तिचं पाणी तयार होतं. खाली कपाटात फिल्टरचा संप (छोटी जोडटाकी), वर निळसर-पांढऱ्या एलईडीची पट्टी, शेजारी पाणी २६ अंशांवर धरून ठेवणारा चिलर. टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आहे आणि खडकांवर बोटाच्या पेराएवढी तपकिरी समुद्रफुलं दाटीनं उगवलेली आहेत. त्यांचं नाव आयप्टेशिया. विभागाची ही टाकी खरी त्यांच्यासाठीच आहे. प्रवाळाचं सहजीवन, म्हणजे त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाशी असलेलं नातं, शिकवायचं तर प्रवाळ ठेवावा असं कुणालाही वाटेल, पण खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते टाकीत ठेवण्याचा प्रश्नच नाही, आणि नसावा.

आयप्टेशियाला मत्स्यालयवाले वैतागलेले असतात. एखाद्या खडकाला चिकटून येतं आणि बघता बघता टाकी व्यापतं. संशोधकांनी मात्र याच गुणासाठी ते उचललं. प्रवाळ सावकाश वाढतो, बरेच प्रवाळ वर्षातून एकदाच अंडी सोडतात, आणि त्यांना कठीण सांगाडा असतो. आयप्टेशियाला सांगाडा नाही, ते वाटीभर पाण्यात जगतं, शैवालाशिवायही जिवंत राहतं, आणि त्याच्या तळव्याचा तुकडा मागे राहिला की त्यातून नवं समुद्रफूल उभं राहतं. पेशीत राहणारं, तपकिरी रंग देणारं शैवाल मात्र प्रवाळात असतं त्याच कुळातलं. त्यामुळे प्रवाळाबद्दलचे कितीतरी प्रश्न आधी याला विचारले जातात.

काय घडलं

मे महिन्याची सुट्टी होती. गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली, संध्याकाळी आली. पंप आपोआप सुरू झाला, दिव्यांचा टायमर सुरू झाला. चिलर सुरू झाला नाही, कारण वीज गेल्यावर त्याचं बटण हातानं दाबावं लागतं. सोमवारी लॅबमधल्या मामांनी दार उघडलं तेव्हा थर्मामीटर ३३ दाखवत होता आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मामांचा फोन आला : "मॅडम, टाकीतली फुलं पांढरी पडलीत. गेली वाटतं सगळी."

गेलेली नव्हती. काचेच्या कांडीनं स्पर्श केला की प्रत्येक पांढरं समुद्रफूल झटकन आत ओढलं जात होतं, आणि जोरात टोचलं तर अंगातून पांढरे दंशाचे धागे बाहेर फेकत होतं. मेलेलं समुद्रफूल असं करत नाही. ते लिबलिबीत होऊन विरघळतं आणि पाण्याला वास येतो. इथे वास नव्हता. अमोनियाची चाचणी केली, तीही ठीक आली. मासे वर आले होते ते ऑक्सिजनसाठी, गरम पाण्यात तो कमी विरघळतो.

मग नीट पाहिल्यावर चित्र एकसारखं नाही हे लक्षात आलं. खडकाच्या माथ्यावर, दिव्याच्या थेट खाली असलेली समुद्रफुलं काचेसारखी पारदर्शक झाली होती. कपारीखालची, खडकाच्या मागच्या अंगाची तपकिरीच होती, थोडी फिकट म्हणता येतील इतपत. आणि खाली कपाटातल्या संपमध्ये, जिथे उजेड जवळजवळ पोहोचतच नाही, तिथली समुद्रफुलं पांढरीच होती. पण ती या गुरुवारी पांढरी पडली नव्हती. ती कायमची पांढरी. माशांच्या अन्नाचे कण खाऊन वर्षानुवर्षं मजेत जगत आली होती.

संपमधल्या या पांढऱ्या समुद्रफुलांकडे सहसा कुणी बघत नाही, पण प्रकरणात त्यांचं वजन मोठं आहे. पांढरं असणं हा आजार नव्हे, हे ती दाखवतात. पोट दुसरीकडून भरत असेल तर शैवालावाचून अडत नाही. अडतं ते सहजीवनावर पोसलेल्या प्राण्याचं सहजीवन अचानक तुटलं की.

एका माथ्यावरच्या समुद्रफुलाच्या शुंडकाचं, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटासारख्या अवयवाचं, टोक कापून काचपट्टीवर ठेवलं, वर कव्हरस्लिप दाबली, निळ्या उजेडाखाली पाहिलं. हरितद्रव्य निळ्या उजेडात लाल चमकतं. कपारीतल्या समुद्रफुलाचं शुंडक लाल ठिपक्यांनी गच्च भरलेलं होतं. माथ्यावरच्याचं जवळजवळ काळं, अख्ख्या क्षेत्रात दोन-चार ठिपके. सगळ्यात बोलकं होतं ते कपारीच्या कडेवरचं, अर्ध्या उजेडातलं. त्याच्या पोटाच्या पोकळीत शैवालपेशींचे पुंजके सुटे तरंगत होते, काही गोल आणि धडधाकट, काही फिकट आणि आकसलेल्या. मामांनी सकाळी जाळीनं काढलेला खडकाच्या पायथ्याचा तपकिरी बुळबुळीत थरही सूक्ष्मदर्शकाखाली तेच निघाला : बाहेर टाकलेलं शैवाल.

शंका कुणावर

उष्णतेवर, हे पहिलं उत्तर. पण टाकीतलं पाणी पंपानं सतत फिरत असतं. माथ्यावर ३३ आणि कपारीखाली २८ असं होत नाही. मोजलं, नव्हतंच.

दुसरी शंका एका विद्यार्थ्यानं काढली : कपारीतल्यांची जातच वेगळी असेल, जास्त चिवट. शंका रास्त होती. पण ही सगळी समुद्रफुलं एका खडकासोबत आलेल्या एकाच समुद्रफुलापासून तळव्याच्या तुकड्यांनी वाढलेली आहेत. हापूसची कलमं जशी एकाच झाडाची जनुकं घेऊन वाढतात, तशी. शिवाय तळव्याचा तुकडा सुटतो तेव्हा त्यातल्या पेशींबरोबर आतलं शैवालही जातं. म्हणजे यजमान एक, आणि शैवालही बहुधा एकच. तरी "बहुधा" वर थांबायचं नाही असं ठरलं. त्या तपासणीकडे येण्याआधी पेशीच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर तपासणीचा अर्थ लागणार नाही.

पेशीच्या आतला व्यवहार

समुद्रफूल काय, प्रवाळ काय, शरीर दोनच थरांचं. बाहेरची त्वचा, आतला पचनाचा थर, मध्ये जेलीसारखा पडदा. शैवाल राहतं ते आतल्या थरातल्या पेशींच्या आत. पेशीत एक पिशवी असते, तिला सिम्बायोसोम म्हणतात, आणि त्या पिशवीत आठ-दहा मायक्रोमीटरची शैवालपेशी. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरवर अशा साधारण दहा लाख पेशी भरतात.

ही पिशवी नुसती खोली नाही. तिच्या पडद्यावरचे प्रोटॉन पंप आत आम्ल सोडत असतात. २०१५ मध्ये प्रवाळांत हे मोजलं गेलं तेव्हा आतला पीएच ४ च्या आसपास निघाला. इतक्या आम्लात बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी तोच हवा असतो. बदल्यात शैवाल ग्लुकोज देतं, स्निग्ध पदार्थ देतं, आणि स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीचे पदार्थ) देतं. शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण या प्राण्यांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही आणि पेशीच्या पडद्यांना ते लागतंच. शैवाल असलेल्या आणि नसलेल्या आयप्टेशियाची जनुकं ताडून पाहिली तर शैवाल असताना एनपीसी२ या कुटुंबातली काही जनुकं जोरात काम करताना दिसतात. त्यांची प्रथिनं स्टेरॉल वाहून नेतात. मूळ जनुकाच्या प्रती होऊन त्यातल्या काही सहजीवनाच्या कामाला लागल्या, असा हा जनुकीय पुरावा आहे.

या देवघेवीत यजमानाच्या हाती एक लगाम असतो : नायट्रोजन. प्राण्याच्या शरीरात अमोनियम तयार होतं. शैवालाकडून आलेल्या साखरेचा कार्बन वापरून यजमान ते अमोनियम अमिनो आम्लांत बांधून टाकतो, ग्लुटामिन सिंथेटेजसारख्या एन्झाइमांनी. शैवालाला नायट्रोजन मोजकाच मिळतो. त्यामुळे ते भराभर दुभंगू शकत नाही आणि जास्तीची साखर बाहेर सोडतं. साखर येते म्हणून अमोनियम बांधलं जातं, अमोनियम बांधलं जातं म्हणून साखर येत राहते. हे चक्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पुण्यात हे शिकवताना माझ्या मनात नेहमी हायड्रा येतो. आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर झालेलं काम जगभर माहीत आहे, एका वाणाच्या नावातच पुणे आहे. हायड्रा हा प्रवाळाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद, आणि हिरव्या हायड्राच्या पेशींतही शैवाल राहतं, क्लोरेला. २०१८ मध्ये त्या क्लोरेलाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचला गेला तेव्हा त्यानं नायट्रेट वापरण्याची जनुकं गमावलेली आढळली. यजमानाकडून ग्लुटामिन मिळतं, मग ती हवीत कशाला? तिथेही शेवटी नायट्रोजनच. ज्यांच्या नावानं संस्था आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, आणि सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधण्याचं श्रेय त्यांचं. प्रवाळ, हायड्रा, जेलीफिश हे सगळं एकच घराणं आहे आणि महाराष्ट्रात त्याचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे, हे विद्यार्थ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा प्रवाळाकडे. हिरव्या हायड्रात शैवाल अंड्यातून पुढच्या पिढीत जातं. आयप्टेशियात आणि बहुतेक प्रवाळांत तसं होत नाही. अंड्यातून निघालेली अळी कोरीच असते. तिला समुद्रातून शैवाल गिळावं लागतं, आणि ती गिळते ते काही निवडून नव्हे. पेशी बरंच काही आत घेते. निवड नंतर होते. चुकीचं शैवाल पेशी पुन्हा बाहेर फेकते. योग्य शैवाल मात्र पेशीची रोगप्रतिकारक यंत्रणा शांत करतं आणि आत टिकून राहतं. आयप्टेशियाच्या अळ्यांवर झालेलं हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं हे नातं दर पिढीला नव्यानं जुळतं, आणि ते टिकतं ते यजमानानं बाहेर फेकायचं थांबवल्यामुळे. फेकण्याची क्षमता कुठे गेलेली नसते.

जीनोमच्या बाबतीतही दोघं अगदी विजोड आहेत. आयप्टेशियाचा जीनोम २०१५ मध्ये वाचला गेला, डीएनएच्या सुमारे २६ कोटी अक्षरांचा. अ‍ॅक्रोपोरा डिजिटिफेरा हा प्रवाळ त्याआधी, २०११ मध्ये, सुमारे ४२ कोटींचा. आणि आयप्टेशियाच्या पेशीत मावणाऱ्या ब्रेव्हिओलम मिन्युटम या शैवालाचा जीनोम सुमारे १५० कोटींचा, ४० हजारांवर जनुकांचा. हे शैवाल ज्यातलं, त्या डायनोफ्लॅजेलेट गटाची तऱ्हाच निराळी : गुणसूत्रं कायम घट्ट गुंडाळलेली, एकाच दिशेनं वाचायच्या जनुकांच्या लांबच लांब रांगा. प्राणी आणि शैवाल यांच्या या सहवासात तिसरा हिस्सा जीवाणूंचा, आणि चौथाही आहे. २०१९ मध्ये प्रवाळांच्या पोटात मलेरियाच्या परजीवीचे नातलग सापडले. त्यांच्याकडे हरितद्रव्य बनवण्याची जनुकं आहेत पण प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा नाही. ते तिथे नेमकं काय करतात हा आजच्या घडीचा एक सुंदर खुला प्रश्न आहे.

चार बीकर

टाकी सावरल्यावर कपारीतली तपकिरी समुद्रफुलं काढून चार बीकरमध्ये वाटली. दोन बीकर ३३ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, दोन २६ वर. प्रत्येक जोडीतला एक दिव्याखाली, एक काळ्या कागदात गुंडाळलेला.

२६ अंशांवरची दोन्ही तपकिरी राहिली. ३३ आणि उजेड, हा बीकर पहिला पांढरा पडला. म्हणजे कपारीतली समुद्रफुलं चिवट जातीची नव्हती. ती सावलीत होती म्हणून वाचली होती. उष्णतेनं शैवालाची प्रकाश पकडणारी यंत्रणा, विशेषतः फोटोसिस्टीम दोन, बिघडते. दुरुस्ती मागे पडते, उजेड मात्र आदळतच राहतो, आणि वापरात न येणाऱ्या त्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. ती यजमानाच्या पेशीत झिरपतात आणि पेशी शैवाल बाहेर काढते, पचवते, किंवा स्वतःच मरते. वर्गात शिकवतो ते हेच, आणि बीकरनं ते दाखवलं.

पण चौथा बीकर, ३३ आणि अंधार, तोही फिका पडत गेला. हळू, पण गेला. कागद नीट नसेल म्हणून विद्यार्थ्यांनी तो पुन्हा लावून पाहिला. फरक पडला नाही. पाठ्यपुस्तकातलं स्पष्टीकरण इथे अपुरं पडतं, आणि हे २०१३ मध्येच दाखवलं गेलं आहे, तेही आयप्टेशियातच : अंधारात, प्रकाशसंश्लेषण बंद असतानाही, उष्णतेनं शैवाल बाहेर पडतं.

मग मूळ कारण कुठे? माझ्या मते त्याच नायट्रोजनच्या चक्रात. २०२१ मध्ये लाल समुद्रातल्या स्टायलोफोरा या प्रवाळावर झालेल्या अभ्यासात रंग उडण्याच्या आधीच्या घडामोडी टिपल्या गेल्या. उष्णतेनं यजमानाचा ऊर्जेचा खर्च वाढतो. साखर पुरत नाही, म्हणून तो अमिनो आम्लं जाळतो. ती जाळली की अमोनियम सुटतं. आता शैवालाला नायट्रोजन मुबलक, ते स्वतःच्या वाढीला लागतं आणि साखर स्वतःकडेच ठेवतं. यजमानाला आणखी कमी मिळतं, तो आणखी अमिनो आम्लं जाळतो. प्राणी उपाशी पडायला लागतो तेव्हा तो अजून तपकिरीच असतो. पांढरेपणा ही शेवटची खूण आहे. या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच : थर्मामीटर आणि रंग यांच्या मधे एक पायरी असते, आणि वाचवायला संधी असते ती तिथेच. अंधारातला बीकर उशिरा का होईना फिका का पडला, आणि उजेडातला आधी का, या दोन्हींचा मेळ या मांडणीत बसतो. उजेड या बिघाडाला वेग देतो, पण बिघाड त्याच्यावाचूनही सुरू होतो.

जीवाणूंची बाटली

या दरम्यान दोन सल्ले आले. एक, अँटिबायोटिक टाका. दुसरा, दुकानात मिळणारी चांगल्या जीवाणूंची बाटली टाका. दोन्हींमागे काही ना काही आधार आहे. १९९० च्या दशकात इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर ऑक्युलिना पॅटागोनिका हा प्रवाळ उन्हाळ्यात पांढरा पडत असे आणि त्याला व्हिब्रिओ शिलोई हा जीवाणू कारणीभूत असल्याचं प्रयोगांतून दिसलं होतं. पुढे काही वर्षांनी तो प्रवाळ त्याच जीवाणूला दाद देईना. त्यातूनच कल्पना निघाली की प्रवाळ आपल्या जीवाणूंची सोबत बदलून परिस्थितीशी जुळवून घेतो. आज निवडक जीवाणू देऊन प्रवाळांना उष्णतेत तगवण्याचे प्रयोग होतात आणि त्यांतले काही आशादायक आहेत.

पण त्या प्रयोगांतले जीवाणू त्याच प्रवाळातून वेगळे केलेले, तपासलेले असतात. बाटलीतले नव्हेत. आणि अँटिबायोटिक टाकलं असतं तर फिल्टरमधले अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू मेले असते, आणि मासेही धोक्यात आले असते. रोगाची लक्षणंही कुठे नव्हती, ना ऊती झडत होत्या ना जखमा होत्या. दोन्ही सल्ले नाकारले.

उपचार

दिवे सगळ्यात आधी कमी केले, एक तृतीयांशावर. चिलर लगेच २६ वर लावला नाही, तापमान रोज थोडं थोडं उतरवलं. एकदम थंड पाण्याचा धक्काही आयप्टेशियाचं शैवाल काढून टाकतो, प्रयोगशाळांत पांढरी समुद्रफुलं मुद्दाम बनवायला तीच युक्ती वापरतात. थोडं पाणी बदललं. आणि खायला घातलं. ताजी उबवलेली आर्टेमियाची (कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची) पिल्लं ड्रॉपरनं थेट शुंडकांवर सोडायची, हे काम मामांनी विद्यार्थ्यांपेक्षा नीट केलं. पांढऱ्या प्राण्याची साखर बंद झालेली असते. त्या काळात त्याला बाहेरून अन्न मिळणं हाच जगण्या-मरण्यातला फरक असतो, आणि समुद्रातही जे प्रवाळ शिकार वाढवू शकतात ते ब्लीचिंगनंतर, म्हणजे शैवाल गमावून पांढरं पडल्यावर, जास्त सावरतात.

काही आठवड्यांत शुंडकांवर तपकिरी ठिपके दिसू लागले. ते त्या उरलेल्या दोन-चार लाल ठिपक्यांचेच वंशज होते. मग ठिपक्यांचे पट्टे झाले. माथ्यावरची बहुतेक समुद्रफुलं पावसाळ्यापर्यंत पूर्ववत झाली, काही छोटी मात्र दगावली.

मालवणला लागू होतं का

दर वर्षी सहलीला मालवणला जाऊन तिथले प्रवाळ पाहणारे विद्यार्थी हा प्रश्न विचारतातच. यंत्रणा तीच, पण समुद्राला चिलर नाही. तिथे नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एखादा अंश जास्त तापमान चार-पाच आठवडे राहिलं की ब्लीचिंग सुरू होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगातली चौथी व्यापक ब्लीचिंगची घटना जाहीर झाली, आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. सावलीतले, खोल पाण्यातले, गढूळ पाण्यातले प्रवाळ कधी कधी तगतात त्यात उजेडाचा वाटा असतोच. काही प्रवाळ ड्युरुस्डिनियमसारखं उष्णता सोसणारं शैवाल वाढवतात. त्यानं एक-दीड अंशाची उसंत मिळते, पण वाढ मंदावते. ऑस्ट्रेलियात प्रवाळाचंच शैवाल चार वर्षं ३१ अंशांवर वाढवून, त्यात टिकलेले वाण प्रवाळांच्या अळ्यांना देऊन पाहिले गेले, आणि काही वाणांनी यजमानाची सहनशक्ती खरोखर वाढवली. हे काम मोलाचं आहे. पण पाणी तापत राहिलं तर एक-दीड अंश किती वर्षं पुरणार, याचं गणित कुणीही घालू शकतं.

टाकीत आता दोन बदल आहेत. वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा चिलर घेतला आहे. आणि दिव्यांचा टायमर तापमानाच्या कंट्रोलरमधून जोडला आहे : पाणी २९ वर गेलं की दिवे बंद होतात, पंप आणि हवा चालू राहतात. संपमधली कायमची पांढरी समुद्रफुलं या वर्षीच्या प्रात्यक्षिकासाठी वेगळी काढली आहेत. त्यांना वरच्या तपकिरी समुद्रफुलांचं शैवाल ड्रॉपरनं भरवायचं, आणि पेशी ते ठेवून घेते की बाहेर टाकते ते रोज निळ्या उजेडाखाली बघायचं.